पत्र पावले, मजकूर कळला : बडोद्यातील मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, चिटणीस आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
बडोद्यातील मराठी मंडळे

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, यंदाच्या सुट्टीतही आपल्यापैकी काही मंडळांनी इंग्रजीचे वर्ग घ्यायचं ठरवलं आहे. एका पत्रकावर या वेळी ‘परदेशी व्यवसायासाठी इंग्रजी’ असं लिहिलेलं पाहिलं आणि फार बरं वाटलं. आपल्या शहरातली कितीतरी मराठी घरं मकरपुरा, नंदेसरी, सावली या भागांतल्या कारखान्यांवर चालतात आणि त्यातला बराच माल समुद्रापार जातो. हा विषय मंडळाच्या सभागृहात यायलाच हवा होता.

पण पत्रक उलटून अभ्यासक्रम वाचला आणि मन थोडं खट्टू झालं. उच्चारशुद्धी आहे, सभाधीटपणा आहे, मुलाखत कशी द्यावी ते आहे, पाचशे ‘प्रभावी’ शब्द आहेत. पत्र कसं लिहावं, याला मात्र एकही तास नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मी मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या व्हॉल्व्ह कारखान्यात २४ वर्षं परदेशी पत्रव्यवहार सांभाळला. १९९८ मध्ये टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा फॅक्स होता. २०२२ मध्ये बाहेर पडले, तेव्हा ग्राहक व्हॉट्सॲपवर फोटो मागत होते. माझी शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी जे शिकले ते फायलींतून, आणि त्यातलंही बरंचसं चुका करून.

त्यातली एक चूक सविस्तर सांगते, कारण या पत्राचं सगळं म्हणणं तिच्यातच आहे.

२००९ च्या जानेवारीत उत्तर जर्मनीतल्या एका ग्राहकाचे ६० गेट व्हॉल्व्ह आमच्याकडे तयार होत होते. मार्चमध्ये त्यांच्याकडचा एक प्लांट देखभालीसाठी बंद राहणार होता आणि तेवढ्याच दिवसांत हे व्हॉल्व्ह बसवायचे होते. दाबचाचणीला घेतले तेव्हा १४ बॉडींना, म्हणजे व्हॉल्व्हच्या बाहेरच्या कवचांना, बाहेरून पाणी सुटलं. धार लागली नव्हती, कपाळावर घाम यावा तसे बारीक थेंब होते. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव धातूत, आतून पोकळ्या राहिल्या की असंच होतं. फाउंड्रीने नवीन कास्टिंगला तीन आठवडे सांगितले. आमचे शेठ मनाने सज्जन, पण त्यांचा आयुष्यभराचा शब्द एकच, ‘थई जशे’, म्हणजे ‘होऊन जाईल’. मला म्हणाले, “बेन, लिहून टाका, थई जशे.”

मी लिहिलं. ‘माल अंतिम प्रक्रियेत आहे, लवकरच रवाना होईल, कृपया सहकार्य करावे,’ अशा अर्थाचं, अगदी घोटीव इंग्रजीत. व्याकरणाची एक चूक नव्हती. आठ दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं, मी शब्द फिरवून तेच लिहिलं. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा त्यांचा फोन आला. त्या गृहस्थांचं इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं होतं, एकेक शब्द शोधून बोलत होते. त्यांनी एवढंच विचारलं : चांगले किती आहेत, आज, आकडा सांगा.

आकडा ४६ होता. तो पहिल्या दिवसापासून ४६ होता. त्यांना तो जानेवारीतच कळला असता तर ते ४६ विमानाने मागवून घेणार होते आणि उरलेले १४ तिथल्याच एखाद्या साठेदाराकडून उचलणार होते. आमच्या घोटीव इंग्रजीपायी त्यांच्या हातात पाच आठवडे एकही व्हॉल्व्ह पडला नाही. भांडले नाहीत, दंड लावला नाही. पुढची ऑर्डर आली नाही, एवढंच. मी किती रात्री विचार केला आहे त्या ४६ वर.

माल उशिरा होणं धंद्यात कोणाला चुकलेलं नाही. फाउंड्री सगळीकडे उशीर करते, जर्मनीतही करते. परदेशातला माणूस आपल्या शेडमध्ये येऊन बघू शकत नाही, त्याला आपलं पत्र हेच डोळे. त्या डोळ्यांवर मी तीन वेळा सुंदर पडदा टाकला.

यानंतर वर्षभराने एक वेगळाच योग आला. कोठीच्या कचेरीत गायकवाडी दफ्तरातले मोडी कागद अभ्यासणारे एक वयस्कर गृहस्थ आमच्याच वाड्यात राहत. एका संध्याकाळी ते एका पत्राचं लिप्यंतर वाचून दाखवत होते. सुरुवातीलाच वाक्य आलं : तुम्ही पत्र पाठविले ते पावले, लिहिला मजकूर कळला. त्यापुढे समोरच्याने काय लिहिलं होतं ते थोडक्यात पुन्हा मांडलेलं, मग त्याला उत्तर, मग आपली मागणी. मी त्यांना तो भाग दोनदा वाचायला लावला. पत्र पोहोचलं, मला असं असं समजलं, त्यावर माझं उत्तर हे, आणि तुमच्याकडून मला हे हवं आहे. जर्मनीहून फोन करणाऱ्या त्या माणसाला याहून वेगळं काय हवं होतं? ही रीत आपल्या पूर्वजांच्या बोटांत होती. इंग्रजी लिहायला बसलो की आपण ती विसरतो आणि दरबारी झूल पांघरतो.

तेव्हापासून मी तशीच पत्रं लिहिली. एक नमुना देते. इटलीचे ग्राहक, ४० व्हॉल्व्ह, पुन्हा तेच कास्टिंगचं दुखणं. मी ज्या दिवशी चाचणी झाली त्याच दिवशी लिहिलं. मजकूर मराठीत सांगायचा तर असा :

‘आपलं १२ फेब्रुवारीचं पत्र मिळालं. आपल्याला मालाची नक्की तारीख हवी आहे. आज चाचणीत ४० पैकी ९ बॉडी गळल्या. ३१ चांगल्या आहेत, त्या शुक्रवारी निघू शकतात. ९ नवीन कास्टिंग २८ फेब्रुवारीला येतील आणि ते व्हॉल्व्ह १४ मार्चला तयार होतील. ३१ आधी पाठवू की ४० एकत्र? गाडी गुरुवारी भरायची आहे, म्हणून बुधवार संध्याकाळपर्यंत कळवावं.’

यात आठवीच्या मुलाला न येणारा एक इंग्रजी शब्द नव्हता. शेठ घाबरले होते, ऑर्डर जाईल म्हणून. चाळीस मिनिटांत उत्तर आलं : ३१ पाठवा, आणि कळवल्याबद्दल आभार. ते ग्राहक मी निवृत्त होईपर्यंत आमच्याकडेच होते. पुढे त्यांनीच दुसऱ्या एका कंपनीला आमचं नाव सुचवलं. भागीदारी म्हणतात ती अशी जमते, असा माझा अनुभव आहे.

आता आपल्या वर्गांतल्या त्या पाचशे शब्दांबद्दल. शाळेत निबंधात एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की बाई लाल शाई करत, त्यामुळे आपण शब्द बदलत राहतो. पहिल्या ओळीत ‘बॉडी’, दुसरीत ‘हाउसिंग’, तिसरीत ‘केसिंग’. वाचणाऱ्याला वाटतं तीन वेगळे भाग आहेत. त्याची मातृभाषा कोरियन असते, पोलिश असते, अरबी असते. तोही आपल्यासारखाच दुसऱ्याच्या भाषेत चाचपडत असतो. धंद्याच्या पत्रात एका वस्तूला एकच शब्द आणि तो शेवटपर्यंत तोच. याचं महत्त्व बडोद्याला कोणी बाहेरून येऊन शिकवायला नको. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ मध्ये राज्यकारभारातल्या शब्दांचा बहुभाषी कोश निघाला, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’. कारभारातल्या एका गोष्टीला कोणत्या भाषेत कोणता शब्द वापरावा, हे एकदाचं ठरावं म्हणून एवढा खटाटोप. आपल्या प्रत्येक कारखान्यात अशी एक पानभर यादी हवी, आपल्या मालाच्या भागांची, ड्रॉइंगवर असेल तोच शब्द घेऊन.

आणि ज्यांना वाटतं की मराठी शाळेतून आलेल्याला हे जमणार नाही, त्यांनी त्या महाराजांचंच बालपण आठवावं. नाशिककडच्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा १८७५ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, दत्तक म्हणून या शहरात आला, तोपर्यंत अक्षरओळखही नव्हती. शिक्षक म्हणून नेमलेल्या इलियट साहेबांच्या हाताखाली त्याने पहिल्यापासून सुरुवात केली आणि मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी या चारही भाषा शिकला.

काही सवयी मात्र आपल्याला मुद्दाम सोडाव्या लागतील. ‘डू द नीडफुल’, म्हणजे ‘योग्य ते करावे’, असं आपण रोज लिहितो. जुन्या इंग्रजी कचेरीतून आलेला हा वाक्प्रचार आता बाहेर फारसा कोणी वापरत नाही. पोलंडमधल्या माणसाला त्यातून कळतच नाही की काय करायचं, कोणी करायचं आणि कधीपर्यंत. ‘रिव्हर्ट’ आपण उत्तर देणे या अर्थाने वापरतो. इंग्लंड-अमेरिकेत त्याचा अर्थ पूर्वस्थितीला परत जाणे. एकदा आमच्या ‘वुई विल रिव्हर्ट’ला ग्राहकाने विचारलं होतं, म्हणजे तुम्ही जुन्या डिझाइनवर परत जाताय का? तिथे साधा ‘रिप्लाय’ पुरला असता.

आकड्यांचं तर विचारूच नका. आपण दीड लाख लिहिताना १,५०,००० असा स्वल्पविराम देतो. बाहेरच्याला वाटतं अंक लिहायचा राहिला. जर्मन माणूस १.५०० लिहितो तेव्हा ते दीड नसतं, दीड हजार असतं, कारण त्यांच्याकडे हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम. तारीख ०४/०५ लिहिली तर आपल्यासाठी चार मे, अमेरिकनासाठी पाच एप्रिल. महिना अक्षरात लिहा, हा नियम मी आमच्या डिस्पॅचच्या मुलांना भिंतीवर चिकटवून दिला होता.

मग बँकेचं इंग्रजी. लेटर ऑफ क्रेडिटवर (एलसीवर), म्हणजे ठरलेली कागदपत्रं बरोबर असतील तर पैसे देऊ या बँकेच्या हमीवर, माल जातो तेव्हा शब्द म्हणजे रोकड. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमांत साध्यासुध्या शब्दांना पक्के अर्थ दिले आहेत. रक्कम, नग किंवा दर यांच्या आधी ‘अबाउट’ किंवा ‘अप्रॉक्झिमेटली’ असेल तर दहा टक्के वर-खाली चालतं. ‘ऑन ऑर अबाउट १५ मार्च’ म्हणजे १० मार्चपासून २० मार्चपर्यंत, दोन्ही दिवस धरून. आणि नगांवर मोजायचा माल असेल, ‘अबाउट’ लिहिलेलं नसेल आणि माल तुकड्यांत पाठवायला एलसीत मनाई असेल, तर एक नगही कमी चालत नाही. आम्ही एकदा ५० ऐवजी ४९ पाठवले, एक व्हॉल्व्ह पॅकिंग करताना पडला म्हणून. ग्राहकाला तोंडी सांगितलं होतं, तो हो म्हणाला होता. एलसीत दुरुस्ती करून घ्यायचं कोणाला सुचलं नाही. कागदपत्रांत विसंगती निघाली आणि पैसे अडकले ते त्याने लेखी संमती देईपर्यंत. करार होतानाच तो एक शब्द मागून घेतला असता तर!

अशीच गोष्ट टेस्ट सर्टिफिकेटची. ‘टेस्ट सर्टिफिकेट देऊ’ एवढंच लिहून भागत नाही. युरोपच्या ईएन १०२०४ मानकात ३.१ आणि ३.२ हे दोन वेगळे दाखले आहेत. ३.१ वर कारखान्याच्या उत्पादन खात्यापासून स्वतंत्र असलेल्या तपासनिसाची सही चालते. ३.२ ला खरेदीदाराचा किंवा नियमानुसार नेमलेला बाहेरचा तपासनीसही लागतो, आणि त्याला माल निघण्याआधी बोलवावं लागतं, त्याचे पैसे कोणी द्यायचे तेही ठरवावं लागतं. हा प्रश्न पहिल्याच पत्रात विचारायचा असतो.

तक्रारीचं पत्र आलं की आपल्याकडे सगळ्यांचे हात थरथरतात. मोठे ग्राहक ‘एट-डी’ अहवाल मागतात, आठ पायऱ्यांचा. त्यातल्या तिसऱ्या पायरीत विचारलेलं असतं की खराब माल माझ्यापर्यंत येऊ नये म्हणून आत्ता काय केलंत, आणि चौथीत मूळ कारण. आपले लोक तिसरी मोकळी सोडतात आणि चौथीत लिहितात, ‘कामगाराचा हलगर्जीपणा, ताकीद दिली आहे.’ वाचणारा समजतो की कारखान्यात काहीच बदललेलं नाही. वर आपण आपल्याच माणसाला परक्यासमोर उभं केलं. मला हे नेहमी लागत आलं आहे. त्या कामगाराने मापाचं गेज कोणतं वापरलं, ते शेवटचं कधी तपासलं होतं, रात्रपाळीत उजेड किती होता, हे शोधून साध्या शब्दांत लिहिणं म्हणजे खरं व्यावसायिक इंग्रजी. ते लिहायला इंग्रजीच्या आधी शॉप फ्लोअरवर जाऊन उभं राहावं लागतं.

बोलण्याच्या वर्गांना माझा विरोध नाही. व्हिडिओ कॉल आता रोजचे झाले आहेत. पण तिथे उच्चारापेक्षा एक वेगळी गोष्ट नडते. आपण ऐकताना मान हलवून ‘येस, येस’ म्हणत राहतो. आपल्या मनात त्याचा अर्थ ‘ऐकतोय’; पलीकडचा लिहून घेतो, ‘कबूल’. समजलं नाही तर पुन्हा विचारायची आपल्याला लाज वाटते, विशेषतः शेठ शेजारी बसलेले असताना. ‘मला जे समजलं ते सांगते, बरोबर आहे का बघा’ हे वाक्य मुलांकडून शंभर वेळा म्हणून घ्या. आणि कॉल संपला की त्याच संध्याकाळी चार ओळी लिहून पाठवायच्या : काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत.

कोणी म्हणेल, आता मशीन इंग्रजी लिहून देतं, मग हे कशाला? माझी भाचीही तेच म्हणाली. ती एका पंप कारखान्यात आहे. तिने मला दाखवलेलं पत्र खरोखर सुबक होतं, दहा ओळींचं, आणि त्यात तारीख नव्हती. तिने मशीनला तारीख दिलीच नव्हती, कारण तिला कोणी सांगितली नव्हती, आणि विचारायला ती खाली शेडमध्ये गेली नव्हती. आम्ही दोघींनी मिळून सुपरवायझरना फोन लावला, तारीख घेतली, पत्र चार ओळींचं केलं. मशीन जरूर वापरा. पण फाउंड्रीतून कास्टिंग कधी येणार, हे त्याला माहीत नसतं.

आपल्या लोकांच्या हातात ही कामं नेमकी कुठे आहेत तेही सांगते. लहान कारखान्यात मालक स्वतः परदेशी पत्र लिहीत नाहीत. ‘कॉम्प्युटरवर बसणारी’ मुलगी लिहिते, क्वालिटीतला मुलगा लिहितो, कधी मालकांची सून लिहिते. यांतली कितीतरी मुलं आपल्या मंडळाच्या गणपतीत आरतीला उभी असतात. त्यांना दर महिन्याला पंधरा-वीस हजारांच्या पगारात लाखोंच्या ऑर्डरींची जबाबदारी एकट्याने पेलावी लागते आणि ‘हे पत्र ठीक आहे का’ असं विचारायला जवळ कोणी नसतं. मलाही नव्हतं.

म्हणून माझी विनंती अशी. सुट्टीच्या वर्गातले निम्मे तास पत्रांना द्यावेत. आणि वर्ग संपला तरी दर रविवारी सकाळी १० ते १२ सभागृहात एक टेबल मांडावं. ज्याला जे पत्र लिहायचं आहे ते त्याने घेऊन यावं, ग्राहकाचं नाव आणि दर झाकून, म्हणजे मालकांचा विश्वास मोडणार नाही. शेजारी बसून आधी मराठीत विचारायचं : त्यांनी काय विचारलंय? आपलं उत्तर काय? आकडा किती? तारीख कोणती? त्यांच्याकडून काय हवंय? एवढं स्पष्ट झालं की इंग्रजी दहा मिनिटांत होतं. शहरात बँकेच्या परकीय चलन विभागातून, कस्टम हाउस एजंटांच्या कचेऱ्यांतून, मोठ्या कंपन्यांच्या खरेदी खात्यांतून निवृत्त झालेले मराठी लोक पुष्कळ आहेत. महिन्यातला एक रविवार मागितला तर नाही म्हणणार नाहीत. फी ठेवू नये. शिकवणाऱ्याला मानधनही नको, चहा पुरे.

माझ्याकडे २४ वर्षांतल्या माझ्या पत्रांच्या हाताने लिहिलेल्या कच्च्या खर्ड्यांच्या तीन वह्या आहेत. नावं मी काळ्या शाईने खोडली आहेत. जानेवारी २००९ ची ती तिन्ही पत्रंही त्यात आहेत, ती मी पहिल्याच रविवारी टेबलावर ठेवीन. जिना चढायला मला वेळ लागतो, तेव्हा टेबल तळमजल्यावर मांडता आलं तर बरं.

आपल्या पुढच्या कार्यकारिणी सभेत हा विषय घ्यावा आणि निर्णय काहीही झाला तरी दोन ओळींत कळवावा : पत्र पावलं का, आणि सभा कोणत्या तारखेला आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
एक निवृत्त पत्रलेखनिक,
दांडिया बाजार, बडोदे